बिराजदार आणि शिवराज यांची कुस्ती लागली तर?

आमच्या खेड तालुक्यात सध्या एक कुस्ती फार गाजते आहे. ती कधी झाली नाही आणि कधी होणारही नाही. तिच्यातला एक मल्ल सप्टेंबर 2011 मध्ये पुण्यात वारला, आणि दुसऱ्याला तेव्हा मिसरूडही फुटले नसेल. तरी चाकणच्या कांदा बाजारात, चहाच्या टपरीवर, कंपनीच्या बसची वाट पाहणाऱ्या पोरांच्या घोळक्यात, कुठेही कान द्या, ही कुस्ती चाललेलीच असते. एका बाजूला हिंदकेसरी हरिश्चंद्र बिराजदार, दुसऱ्या बाजूला महाराष्ट्र केसरी शिवराज राक्षे.

तरुण वाचकांसाठी थोडे सांगतो. बिराजदार मूळचे निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे. कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत तयार झाले. 1969 साली लातूरच्या अधिवेशनात महाराष्ट्र केसरी झाले, तेव्हा त्यांनी विशी ओलांडलेली नव्हती. पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक. आणि 1977 मध्ये बंगळूरला त्यांनी दिल्लीच्या सतपालला पाडले आणि हिंदकेसरी झाले. सतपाल म्हणजे गुरू हनुमानांचा पठ्ठा. पुढे 1982 च्या दिल्ली एशियाडमध्ये सोन्याचा मानकरी झाला, आणि नंतर सुशीलकुमारसारखे शिष्य घडवणारा गुरू म्हणून नावाजला. असा गडी ज्याने अस्मानाला भिडवला त्याचे नाव मराठवाड्यातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून आहे, यात नवल ते काय?

शिवराज आमचा. राजगुरुनगरजवळच्या राक्षेवाडीचा, शेतकऱ्याच्या घरातला. जानेवारी 2023 मध्ये कोथरूडला त्याने महेंद्र गायकवाडला मिनिटभरात चितपट केले. गदा मिळाली, थार गाडी मिळाली, आणि तालुक्यात जागोजागी फ्लेक्स लागले. त्याच वर्षी नोव्हेंबरात धाराशिवला त्याने दुसऱ्यांदा गदा उचलली. त्याच महिन्यात फुलगावच्या दुसऱ्या स्पर्धेत सिकंदर शेखने त्याला हरवलेही होते. एका महिन्यात दोन ‘महाराष्ट्र केसरी’ कसे, हे मला विचारू नका. कुस्तीच्या संघटना दोन झाल्या की गदाही दोन होतात, भाऊबंदकीत विहिरी दोन होतात तशा.

आता हा वाद गावोगाव का पेटतो ते पाहू. चाकणची औद्योगिक वसाहत झाली, जमिनी गेल्या, आणि उरलेल्या जमिनीवर खोल्यांच्या चाळी उभ्या राहिल्या. त्या खोल्यांत लातूर, नांदेड, बीड, धाराशिवकडचा माणूस राहायला आला. गाव म्हणजे आता घरमालक आणि भाडेकरू. पाण्यावरून, गाड्या लावण्यावरून, गणपतीच्या वर्गणीवरून कुरबुरी चालतातच, पण उघड भांडणे कुणाच्या सोयीचे नसते. एकाला भाडे हवे, दुसऱ्याला छप्पर. मग ती कुरबूर बिराजदार आणि शिवराज यांच्या खांद्यावर बसून बाहेर येते. ‘तुमचा’ आणि ‘आमचा’ हे शब्द कुस्तीत खुशाल वापरता येतात, पंचायतीत येत नाहीत.

मी हे जवळून पाहिले ते एका गावच्या तालमीत. रब्बी कांद्यावरचे फुलकिडे या विषयावर बोलायला गेलो होतो. देवळात पारायण चालू, म्हणून सभा तालमीत घेतली. भिंतीवर मारुतीच्या तसबिरीशेजारी गदा घेतलेला शिवराज होता. त्याच्या बाजूला नव्यानेच एक जुना, पिवळट फोटो लागला होता, तो बिराजदारांचा. लातूरकडून आलेल्या एका भाडेकऱ्याने तो आणून लावला होता. त्याचा पंधरा वर्षांचा पोरगा त्याच तालमीत मेहनत करतो. लावायला वस्तादांची परवानगी होती, पण काहींना ते रुचले नव्हते. माझे फुलकिडे राहिले बाजूला.

“साहेब, तुम्हीच सांगा,” त्याचा घरमालक म्हणाला. हा गृहस्थ स्वतः तरुणपणी यात्रांतून लढलेला. “आमचा शिवराज मिनिटात निकाल लावतो. जुन्या मंडळींचं काय, तासतासभर नुसती खडाखडी.”

“सतपालला पाडल्याला गडी हाय त्यो,” लातूरकर म्हणाला. “तासभर खेळायला दम लागतोय मालक. मिनटात काय, पाऊस बी पडून जातोय. रान भिजत न्हाई.”

हशा झाला. पण घरमालक हसला नाही, हे माझ्या ध्यानात राहिले.

मी बी. एस्सी. ॲग्री झालेला माणूस. आम्हा लोकांना एक खोड असते. दोन वाण समोर आले की आधी विचारायचे: जमीन कोणती, हंगाम कोणता, पाणी किती? राजगुरुनगरलाच कांदा व लसूण संशोधन संचालनालय आहे. तिथला भीमा सुपर हा खरिपाचा वाण आणि भीमा किरण रब्बीचा. दोन्ही चांगले. पण खरिपाचा कांदा चाळीत भरून ठेवाल तर महिन्या-दोन महिन्यांत हात लावेल तिथे सडका निघेल, आणि भीमा किरण नीट सुकवून ठेवला तर चार-पाच महिने टिकेल. आता सांगा, श्रेष्ठ कोण? हा प्रश्नच अर्धा आहे. कुस्तीचेही तेच. माती की मॅट? वेळ किती? पंच कोण? हे ठरल्याशिवाय जोड लावता येत नाही. म्हणून मी त्या मंडळींना म्हटले, आधी आपण रान तयार करू, मग पेरणीचे बोलू.

मातीपासून सुरुवात केली, कारण तो माझा विषय. आखाड्याची माती म्हणजे शेतातली उचलून टाकलेली माती नव्हे. लातूरकडची काळी जमीन ज्वारी-हरभऱ्याला सोन्यासारखी, पण आखाड्याला कुचकामी. पाणी प्याली की फुगते, पायाला मणभर चिकटते आणि तापली की भेगाळते. तिच्यात पाय अडकला तर गुडघा गेलाच म्हणून समजा. म्हणून हौद्यात तांबडी माती घालतात, खडे चाळून, काव मिसळून. तिच्यात ताक, तेल, लिंबू, हळद, कापूर पडतो. ताका-तेलाने माती मऊ राहते, धुरळा उडत नाही. हळदीने खरचटलेले चिघळत नाही. रोज पहाटे पोरांनी ती फावड्याने उकरून मोकळी करायची, मग सारखी करायची. अर्धी मेहनत तिथेच होते. आणि तिला ओल किती हवी? शेतकऱ्याला एका शब्दात सांगतो: वाफसा. मुठीत दाबली तर ढेकूळ व्हावे, सोडली तर फुटावे. पेरणीला जी ओल, तीच कुस्तीला.

अशा मातीत पाय थोडा रुततो. त्यामुळे झपकन आत शिरून पट काढणे अवघड जाते, आणि मान, मनगट, कंबर यांच्या ताकदीला किंमत येते. हप्ते भरायचे, मान दाबून ठेवायची, समोरच्याला वाकवून दमवायचे. घाम आला की अंगाला माती लावायची, म्हणजे पकड बसते. घड्याळ नाही. निकाली कुस्ती म्हणजे पाठ लागेपर्यंत कुस्ती. कोल्हापूरचे खासबाग मैदान शाहू महाराजांनी अशाच कुस्त्यांसाठी 1912 मध्ये उभे केले, आणि गंगावेसमध्ये वाढलेला पोरगा त्याच हवेत वाढला. दम ही तिथली खरी मिळकत.

मॅटचे रान निराळे. पाय रुतत नाही, उलट उसळी मिळते. तीन-तीन मिनिटांचे दोन डाव, मध्ये अर्ध्या मिनिटाची विश्रांती. ताबा घेतला की 2 गुण, रिंगणाबाहेर ढकलले की 1. दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथेच संपते, पाठ लागो वा न लागो. नुसते हात धरून उभे राहिलात तर पंच ताकीद देतो आणि गुण समोरच्याला जातो. खडाखडी करत दमवण्याचा जुना मार्ग तिथे बंद. शिवराज या रानात कसलेला. वजन भरपूर, आणि त्या वजनाला न शोभेल इतकी चपळाई. सव्वाशे किलोपर्यंतच्या गटात असा झपाट्याने आत शिरणारा गडी समोर असला की पहिल्या अर्ध्या मिनिटातच मोठा धोका असतो.

घरमालकाची छाती फुगली. म्हणाला, “मग झालं तर! मॅटवर शिवराज, मातीत बिराजदार.”

इतके सोपे असते तर वाद कशाला उरला असता? एक अडचण लातूरकराने काढली, आणि ती बिनतोड होती. एडिंबरोचे सुवर्ण काय मातीत मिळाले? ते मॅटवरच मिळाले. बिराजदारांना मॅट नवी नव्हती. त्यात मी भर घातली की त्या काळी मॅटवरची कुस्तीही तीन-तीन मिनिटांच्या तीन डावांची, म्हणजे 9 मिनिटांची असे. आता ही काल्पनिक कुस्ती 6 मिनिटांची धरायची की 9 ची? शेवटची तीन मिनिटे कुणाची, हे तालमीतल्या सगळ्यांना सांगण्याची गरज पडली नाही.

पंचाचाही प्रश्न आहेच, आणि तो नाजूक आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरला काय घडले ते आपण सर्वांनी मोबाईलवर पाहिले. उपांत्य फेरीत पृथ्वीराज मोहोळविरुद्ध शिवराज चीत झाल्याचा निर्णय पंचांनी दिला. पाठ पूर्ण टेकलीच नव्हती, असे शिवराजचे म्हणणे. रागाच्या भरात त्याने पंचांवर लाथ उगारली, आणि संघटनेने त्याच्यावर तीन वर्षांची बंदी जाहीर केली. मुळशीचा पृथ्वीराज केसरी झाला. आमच्या तालुक्यात अजून त्या पाठीवरून दोन तट आहेत. माझे मत विचाराल तर निर्णय चुकला असो वा नसो, पंचावर पाय उचलणे पैलवानाला शोभणारे नाही. हे मी त्या तालमीतही बोललो. दोन-तीन चेहरे आंबट झाले, होऊ देत. पण दुसरी बाजूही खरी आहे. निकाली कुस्तीत पाठ टेकली की नाही हे हजार डोळे पाहतात, तिथे कॅमेरा मागावा लागत नाही. सेकंदाच्या कुस्तीत सेकंदाचा अन्यायही होऊ शकतो.

“म्हंजे साहेब, निकाल काय?” वस्तादांनी विचारले. ते इतका वेळ गप्प होते.

पंचवीस-तीस माणसे माझ्याकडे पाहत होती. सरकारी माणसाची सवय अशी की ‘दोन्ही श्रेष्ठ’ म्हणून चहा घ्यावा आणि निघावे. तसे केले नाही. वजन सारखे धरले, दोघेही ऐन उमेदीत धरले, तर सहा मिनिटांच्या मॅटवर मी शिवराजवर पैज लावीन. तो पहिल्या दोन मिनिटांत गुण घेईल आणि ते राखील. नऊ मिनिटे दिलीत तर मी पैज काढून घेईन. आणि वाफशावरच्या तांबड्या मातीत, घड्याळ काढून ठेवून, शिवराजने पहिल्या दहा मिनिटांत पाडले नाही तर पुढे बिराजदार पाडतील, पाडतीलच. 1985 साली पिंपरी-चिंचवडच्या अधिवेशनात विष्णू जोशिलकर महाराष्ट्र केसरी झाले, तेव्हा वडिलांच्या खांद्याआडून मी कुस्त्या पाहिल्या होत्या. दम संपलेल्या पैलवानाचे डोळे कसे दिसतात ते तेव्हापासून मला ठाऊक आहे. ताकद असते, डाव आठवतो, पण हात वर येत नाही.

हे घरमालकाला फारसे पटले नाही आणि लातूरकरालाही पुरते आवडले नाही. तेव्हा वस्ताद म्हणाले, “साहेब, तुम्ही जोड लावलीत ती एकाच घरातली हाय, ठाव हाय का?”

त्यांनी सांगितले ते मला माहीत होते, पण त्या दृष्टीने मी कधी पाहिले नव्हते. बिराजदार कुस्ती सोडल्यावर पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत पोरे घडवू लागले. अर्जुन पुरस्कार मिळवलेले काका पवार त्यांचे शिष्य, तेही लातूर जिल्ह्यातलेच. 2018 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण मिळवणारा राहुल आवारे हाही बिराजदारांच्या हाताखालून गेलेला. काका पवारांनी पुढे कात्रजला कुस्ती संकुल काढले, आणि शिवराज घडला तो तिथे. म्हणजे बिराजदारांचा शिष्य तो शिवराजचा गुरू. आजा आणि नातू यांची कुस्ती लावायला बसलो होतो आम्ही!

“आणिक एक,” वस्ताद म्हणाले, “कोथरूडला शिवराज खेळला ते नांदेडच्या नावावर. पुण्याच्या नव्हं.”

ही गोष्ट पेपरात आली होती, पण तालुक्याने ती सोयीस्करपणे विसरून टाकली होती. राक्षेवाडीचा पोरगा नांदेडचा म्हणून उतरतो, मुदगडचा माणूस पुण्यात वस्ताद होतो. तालमीत थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग घरमालक बिराजदारांच्या फोटोकडे पाहत म्हणाला, “काच बसवा त्याला. माती उडती इथं.”

घरी येताना मात्र माझ्या डोक्यात कुस्ती नव्हती, दूध होते. त्या तालमीत दोन पोरांची जोड आहे. एक घरमालकाचा, दुसरा लातूरकराचा. वय तेच, वजन तेच, दोघे एकमेकांबरोबर लढूनच तयार झालेले. पण पहिल्याचा खुराक गोठ्यातून येतो. घरची म्हैस, घरचे तूप, कोंबड्या परसात. दुसऱ्याच्या बापाला तेच दूध डेअरीतून घ्यावे लागते. गोठ्यातले दूध विकताना शेतकऱ्याला जो भाव मिळतो, त्याच्या जवळपास दुप्पट भावाने हा माणूस ते पिशवीतून विकत आणतो, कंत्राटी कामगाराच्या पगारात, खोलीभाडे देऊन. दिवसाला दोन लिटर दूध, मूठभर बदाम, तुपाची वाटी, आठवड्यातून दोनदा मटण, हा साधा खुराकही त्याला परवडणारा नाही. गावी याची साडेतीन एकर कोरडवाहू आहे. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या सालात जनावरे विकून हा इकडे आला. गोठा रिकामा झाला, आणि पैलवान व्हायचे वय पोराला नेमके त्यानंतर आले.

ज्यांच्या घरी पोरगा तालमीत जातो त्यांच्यासाठी एक सूचना इथेच करून ठेवतो, ती माझ्या खात्याची नव्हे. बाजारात पावडरीचे डबे महाग मिळतात आणि पोरे एकमेकांचे पाहून मागतात. डॉक्टरांना विचारल्याखेरीज ते देऊ नका. भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, अंडी, दूध, ताक यांवर पंधरा-सोळाव्या वर्षीचे शरीर उत्तम भरते. बदाम परवडत नसतील तर शेंगदाण्याची लाज वाटून घेऊ नये.

त्या लातूरकराच्या पोराची गोष्ट मला नंतर कळली, ती त्या घरमालकाच्या मंडळींकडून. बाई गांडूळखत प्रकल्पाच्या अर्जासाठी कार्यालयात आल्या होत्या. सहज विचारले तर म्हणाल्या, “त्याला सकाळी तांब्याभर धारोष्ण देते मी. पैसं न्हाई घेत. तोच म्हणला, काकू, फुकट नको, मी गोठा झाडतो. मग झाडतोय. आमचा झाडत न्हाई.” यजमानांना हे माहीत आहे का, असे विचारले तर हसल्या नुसत्या.

आता चैत्रात गावची यात्रा आहे. नारळावरच्या कुस्त्यांपासून चांदीच्या गदेपर्यंत जोडी नेमायचे काम कमिटीकडे असते. ही दोन पोरे एकमेकांशी लढावीत असे वस्तादांनी सुचवले, इनाम पाचशे एक रुपये. कमिटीतल्या काहींनी नाक मुरडले. बाहेरचा पैलवान यात्रेला आला तर गाव त्याला फेटा बांधते, जेवायला घालते. पण हा पोरगा बाहेरचा म्हणावा तर गावातच राहतो, आणि गावचा म्हणावा तर त्याचे नाव गावच्या यादीत नाही. पाहुणा म्हणून आला असता तर मान मिळाला असता. राहतो म्हणून अडचण!

शेवटी जोड मंजूर झाली. तिच्या बाजूने पहिला आवाज त्या घरमालकाचाच उठला. म्हणाला, माझ्या पोराला जोड दुसरी कुठून आणायची? दोघे गेला महिना पहाटे चारला उठून हौदा उकरताहेत, आणि एकमेकांशी सराव करणे वस्तादांनी बंद केले आहे, डाव कळू नयेत म्हणून.

राहिला आहे तो एकच मुद्दा. हँडबिलात पैलवानाच्या नावापुढे गाव छापतात. याच्या नावापुढे काय छापायचे? एका पक्षाचे म्हणणे, लातूर छापा. दुसऱ्याचे म्हणणे, आपल्या तालमीचा आहे, आपलेच गाव छापा. बाप म्हणतो, त्याच्या आजाला वाचून दाखवायचे आहे, आमच्या खेड्याचे नाव असावे. पोरगा काहीच म्हणत नाही. नांदेडचा दाखला दोन्ही पक्ष देतात, आपापल्या सोयीने. कमिटीची बैठक येत्या गुरुवारी रात्री तालमीत आहे, आणि मला यायला सांगितले आहे. फुलकिड्यांचे व्याख्यान तसेही अर्धे राहिले आहे.